मेजरचा लेफ्टनंट केला म्हणे

माझा नवरा फौजेत लेफ्टनंट कर्नल झाला तेव्हा माझ्या सासूबाईंनी देव पाण्यात घातले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्यांच्यापर्यंत बातमी पोचली ती अशी, की पोरगा इतके दिवस मेजर होता, आता लेफ्टनंट काहीतरी झालाय. लेफ्टनंट तर तो फौजेत नवा नवा होता तेव्हा होता. म्हणजे पोराला उचलून पुन्हा पहिल्या पायरीवर नेऊन ठेवलं, असा त्यांनी सरळ अर्थ काढला. रात्रभर त्या झोपल्या नाहीत आणि सकाळी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, "काय चुकलं रं बाळा तुझं?"

नवऱ्याने परोपरीने समजावलं. लेफ्टनंट वेगळा, लेफ्टनंट कर्नल वेगळा, ही बढती आहे, पगारही वाढलाय. त्या "बरं" म्हणाल्या. पण त्यांचं ते "बरं" मी ओळखते. पोरगा आईला दुःख नको म्हणून खोटं बोलतोय, असं त्यांनी मनात पक्कं केलं होतं. पुढे तो नुसता कर्नल झाला तेव्हा कुठे त्यांनी गावात पेढे वाटले.

यात त्यांना हसण्यासारखं काही नाही. त्यांनी फौज खालून पाहिली होती. माझे सासरे शिपाई म्हणून भरती झाले आणि हवालदार मेजर होऊन घरी आले. त्या शिडीवर नायकाच्या वर हवालदार, हवालदाराच्या वर हवालदार मेजर. सुभेदाराच्या वर सुभेदार मेजर, आणि त्याच्या वर फक्त आकाश. हुद्द्याला मेजर लागला की माणूस वर गेला, हा हिशेब त्या शिडीवर कधी चुकत नाही. शिवाय आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आणि सुट्टीवर आलेल्या प्रत्येकाला गाव "मेजर"च म्हणतं. काल भरती झालेलं पोरगं एसटीतून उतरलं तरी पारावरचे म्हातारे विचारणार, "काय मेजर, कवा आला?" माझा नवरा कर्नल झाला, ब्रिगेडियर झाला, गावाने त्याला मेजरच्या पुढे जाऊ दिलं नाही.

आता तो लखनौला मुख्यालयात ब्रिगेडियर आहे. कॅन्टोन्मेंटमध्ये आम्हाला बंगला आहे, त्यात आंब्याची झाडं आहेत, आंब्यांवर माकडं आहेत. गाडीला लाल पाटी आणि पाटीवर एक तारा. गाडी गेटमधून जाताना पहारेकरी कडक सलाम ठोकतो, आणि बाजूला बसलेल्या मला उगाचच पाठ ताठ करावी लागते.

ब्रिगेडियर हा आपल्याकडे उंबऱ्यावरचा माणूस. तारा मिळाला, लाल पाटी मिळाली, पण जनरल हा शब्द मिळाला नाही. तो मिळतो पुढच्या पायरीला, मेजर जनरल झाल्यावर. त्याच्या वर लेफ्टनंट जनरल, आणि सगळ्यांच्या वर नुसता जनरल. हे सगळीकडे असंच असतं म्हणावं, तर तेही नाही. नवरा शांतिसेनेत आफ्रिकेत होता तेव्हा त्याच्याच ताऱ्याचे दुसऱ्या देशांचे अधिकारी ब्रिगेडियर जनरल होते, आणि सगळे त्यांना जनरल म्हणूनच हाक मारायचे. रशियाकडे एक ताऱ्यालाच मेजर जनरल म्हणतात, आणि वर कर्नल जनरल नावाचा एक जास्तीचा मजला आहे. फ्रेंच लोकांनी सरळ ब्रिगेडचा जनरल, डिव्हिजनचा जनरल अशी नावं ठेवलीत, म्हणजे निदान कोणाच्या हाताखाली काय आहे ते तरी कळतं.

गेल्या वर्षी परदेशी अधिकाऱ्यांचं एक पथक आलं होतं. जेवणाच्या वेळी माझ्या शेजारी त्यांतला एक बसला होता. वयाने माझ्या नवऱ्याहून लहान, तारा तेवढाच. सगळे त्याला "जनरल, थोडा पुलाव? जनरल, हे कबाब बघा" करत होते, आणि माझ्या नवऱ्याला "ब्रिगेडियर, प्लीज ते मीठ द्या." मला राग आला. मिठावरून राग यावा असं काही नव्हतं, पण आला. घरी येताना मी ते बोलून दाखवलं तर नवरा म्हणाला, "अगं, शब्दच तर आहे." शब्दच आहे म्हणणारा माणूस त्या शब्दासाठी तीस वर्षं राबत होता.

आणि शब्दांचंच म्हणाल, तर माझं आणखी एक भांडण आहे. शिवाजी महाराजांच्या काळात हवालदार म्हणजे किल्ल्याचा मुख्य. किल्ल्याच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. सुभेदार म्हणजे अख्खा सुभा सांभाळणारा. इंग्रजांनी फौज उभारली, आमचे शब्द उचलले आणि खालच्या मजल्यावर नेऊन ठेवले. स्वतःचे शब्द वर ठेवले. इंग्रज गेले, मजले तसेच राहिले. हे मी नवऱ्याला सांगितलं की तो म्हणतो, "तू इतिहासात एम. ए. केलंस हे लग्नाआधी लपवलं होतंस."

लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत आमचं दहा-बारा मराठी घरांचं मंडळ आहे. बहुतेक रेल्वेतले इंजिनियर आणि प्रयोगशाळांतले शास्त्रज्ञ. संक्रांतीला, गणपतीत आम्ही तिथल्याच कपूरथळा चौकाजवळच्या एका रेल्वे इंजिनियरांच्या घरी जमतो. त्यांना माझ्या नवऱ्याची चेष्टा केल्याशिवाय जेवण जात नाही. "साहेब, आमच्याकडे जनरल म्हणजे सगळ्यात गर्दीचा डबा. तुम्हाला त्यात कशाला शिरायचंय?" असं ते दर वेळी म्हणतात आणि दर वेळी स्वतःच आधी हसतात. त्यांच्या बायकोने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं पण मेजर लेफ्टनंटच्या वर असतो ना? मग मेजर जनरल लेफ्टनंट जनरलच्या खाली कसा? कुछ उलटा नहीं लगता?" मी म्हटलं, उलटाच आहे, आणि माझ्या सासूबाईंना तर तो मुळीच मान्य नाही.

सासूबाईंच्या मते आता पुढे येणारी बढती ही सगळ्यांत मोठी होती, कारण तिच्यात गेलेला मेजर परत मिळणार होता.

ती बढती मिळणं मात्र सोपं नव्हतं. ब्रिगेडियरांतून मेजर जनरल निवडायला एक बोर्ड बसतं. दिल्लीत बंद खोलीत कागद बघितले जातात. माणसाला समोर बोलावत नाहीत. नवऱ्याचं नाव दोनदा विचारात येऊन राहून गेलं होतं. हा तिसरा विचार, आणि शेवटचा. या वेळी नाही झालं तर पुढे कधीच नाही. ब्रिगेडियर म्हणूनच निवृत्ती, आणि तीही लवकर, कारण मेजर जनरलला नोकरीची जास्त वर्षं मिळतात. हे त्याने आईला सांगितलं नव्हतं. त्याने फक्त एवढंच सांगितलं होतं, की बोर्ड बसलंय.

तेवढं त्यांना पुरलं. वयाची ऐंशी ओलांडलेली ती बाई पुण्याहून एकटी विमानाने आली. अमौसीच्या विमानतळावर आम्ही घ्यायला गेलो तर चाकाच्या खुर्चीतून हसत बाहेर. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत मेतकूट. "ह्या टायमाला मी लावनार," त्यांचं पहिलं वाक्य.

फौजेत नवा हुद्दा मिळाला की एक छोटा समारंभ होतो, पिपिंग म्हणतात. तबकात नवी चिन्हं ठेवलेली असतात. एका खांद्यावर वरचा साहेब लावतो, दुसऱ्यावर घरचं माणूस, बहुधा बायको. कॅप्टन झाला तेव्हा सासूबाईंनी लावलं होतं, मेजरलाही त्यांनीच. नंतर मी आले आणि तो मान माझ्याकडे आला. मला तो परत द्यायला आनंदच होता.

संध्याकाळी नवऱ्याने आईला मोबाइलवर मेजर जनरलचं चिन्ह दाखवलं. एकमेकांवर ठेवलेली तलवार आणि अधिकाराचा दंड, आणि वर एक तारा. सासूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "आत्ता तुला तीन हायत. वर सिंव्ह हाय. आन बढती झाली की येकच? ही कसली बढती?"

"आई, तलवार मिळते की."

"तलवार रानात काय कामाची?" त्या म्हणाल्या, पण खूश होत्या.

मग त्यांनी तोच जुना वाद काढला, की मेजर जनरलच्या वर लेफ्टनंट कसा काय जाऊन बसतो. नवऱ्याने या वेळी शांतपणे मुळापासून सांगितलं. युरोपात पूर्वी फौजेच्या मुख्याला कॅप्टन जनरल म्हणायचे. तो नसला की त्याची जागा धरणारा तो लेफ्टनंट जनरल. लेफ्टनंट म्हणजेच जागा धरणारा, एसटीत रुमाल टाकून धरतात तशी. आणि सगळी फौज रांगेत उभी करणं, तळ ठोकणं, शिस्त बघणं हे ज्याचं काम, तो तिसरा. त्याचं पूर्ण नाव सार्जंट मेजर जनरल. पुढे लोकांना सार्जंट म्हणायची लाज वाटली असेल, तो शब्द गळला आणि मेजर जनरल उरला.

"सार्जंट म्हंजी?"

"हवालदार."

सासूबाई मग म्हणाल्या, "म्हंजी हवालदार मेजर जनरल."

"तसंच म्हण."

"मग तर ही तुझ्या बापाचीच जागा की. तेनं एका कंपनीची बघितली, तू समद्या फौजंची बघायची." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या नवऱ्याने ते हौसेने सांगितलं होतं, पण मला तेव्हाच वाटलं की हे सांगायला नको होतं. बढती आधी फक्त त्याची होती, आता ती सासऱ्यांचीही झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अमीनाबादच्या बाजारात चालवलं. तबकात घालायला मखमल हवी होती. कॅन्टोन्मेंटमध्ये सगळं मिळतं, मुख्यालयाकडे तबक आहे, त्यावर कापडही आहे, असं मी सांगून पाहिलं. "सरकारी कापडावर समद्यांचं झालेलं असतं," म्हणाल्या. रिक्षातून उतरून त्या गर्दीत काठी टेकत टेकत गेल्या. फॅमिली क्वार्टरमध्ये शिकलेली त्यांची हिंदी त्यांनी दुकानात सोडली. "भैया, हमको मखमल मंगता. लाल. लडका जनरल होता है."

दुकानदार गादीवरून उठला. "माशाअल्लाह! माताजी, जनरल साहब के लिए तो सबसे उम्दा दिखाएँगे." आणि त्याने सगळ्यांत महाग ठाण उलगडलं. मी सासूबाईंचा हात दाबला. त्यांनी माझा हात झटकला आणि कापड गालाला लावून बघितलं. घरी येऊन त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनी व्हरांड्यात बसून कडा शिवू लागल्या. टाके वाकडे पडत होते, मी शिवते म्हटलं तर सुई देईनात.

बोर्डाचा निकाल मला व्हॉट्सॲपवर कळला. नवऱ्याच्या बरोबरीने अकादमीतून बाहेर पडलेल्या एकाच्या बायकोला आमच्या बायकांच्या ग्रुपवर एकीने अभिनंदन लिहिलं. मग दुसरीने. मग हारतुऱ्यांची, तलवारींची, पेढ्यांच्या बॉक्सची चित्रं येऊ लागली. मी सगळा ग्रुप खालपर्यंत बघितला. आमचं नाव कुठेच नव्हतं. जिचं अभिनंदन चाललं होतं ती माझी चांगली मैत्रीण आहे. मीही एक फुलांचा गुच्छ पाठवला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भाजीवाल्याने दिलेली कोथिंबीर शिळी आहे म्हणून विनाकारण बडबडत राहिले.

नवरा नेहमीच्या वेळी घरी आला. बूट काढले, चहा घेतला, आंब्यावरच्या माकडांना हाकललं. मी बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, तेवढ्यात सगळं सांगून झालं. आत येऊन तो हळू म्हणाला, "आईला मी सांगतो."

आणि सांगेना. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढचेही दिवस तसेच गेले. व्हरांड्यात मखमलीला कडा शिवल्या जात होत्या आणि हा समोर बसून पेपर वाचत होता. मला त्याची दया यायची आणि त्याहून जास्त राग यायचा. ज्या माणसाने गोळीबारात माणसं पुढे नेली, त्याची आईपुढे दातखीळ बसली. एका रात्री मी म्हटलं, "तू सांगत नसलास तर मी सांगते." तो म्हणाला, "तिला वाटेल मी पुन्हा काहीतरी चुकलो." आणि त्यांना खरंच तसं वाटलं असतं.

शेवटी रविवारी सकाळी त्याने सांगितलं. सासूबाई शिवत होत्या. तो त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. बंगल्यात खुर्च्यांची कमी नाही, पण तो खालीच बसला.

"आई, माझं झालं नाही."

त्यांची सुई थांबली. "पुढच्या टायमाला हुईल."

"आता पुढचा टाइम नाही. हाच शेवटचा होता."

"तुझ्या बरोबरीच्याला मिळालं?"

"एकाला मिळालं."

"चांगला हाय का त्यो?"

"चांगलाय. माझ्यापेक्षा चांगलाय असंही म्हणता येईल."

"आन तुझं काय चुकलं?"

हाच प्रश्न येणार हे आम्हा दोघांना माहीत होतं. तो म्हणाला, "काही नाही चुकलं आई. जागा थोड्या, माणसं जास्त."

त्यांनी दोरा दाताने तोडला, सुई डबीत ठेवली आणि आत गेल्या. दिवसभर आतच होत्या. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी मखमल देवघरातल्या बाळकृष्णाखाली घालून ठेवली होती. मला म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याला सुभेदारी मिळाली न्हाई, तवा ते घरी आले आन गोठ्यात जाऊन बसले. मी भाकरी वाढली, पर गोठ्यात गेले न्हाई. म्हटलं, पुरुषाला एकटं बसू द्यावं." चहा त्यांनी बशीत ओतला. "एकटं बसू द्यायचं नसतं गं."

मी त्यांच्याजवळ बसून राहिले. 

सोमवारी सकाळी नवरा ऑफिसला निघाला. पोर्चमध्ये गाडी लागली होती, ड्रायव्हर दार उघडून उभा होता. सासूबाई काठी न घेता, भिंतीला धरून धरून दारापर्यंत आल्या.

"थांब. हे खांद्यावरचं कुनी लावलं?"

"कुठलं, हे?" त्याने खांद्याकडे बघितलं. "ब्रिगेडियर झालो तेव्हा वर बर्फात होतो ना आई. साहेबांनीच लावलं दोन्हीकडं."

"मी न्हवते."

"तू नव्हतीस. हीपण नव्हती."

"काढ."

"आई, उशीर होतोय."

"काढ म्हणते ना."

त्याने दोन्ही खांद्यांवरच्या पट्ट्यांची बटणं उघडली आणि तीन तारे आणि सिंह असलेले ते दोन कापडी तुकडे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. मग गुडघे थोडे वाकवले, कारण त्यांचा हात खांद्यापर्यंत पोचत नव्हता. त्यांनी आधी उजवीकडचा चढवला. त्यांना बटण सापडत नव्हतं. मी पुढे झाले नाही. ड्रायव्हरने मान दुसरीकडे वळवली. मग त्यांनी डावीकडचा चढवला, बटण लावलं, आणि दोन्ही खांद्यांवरून तळहात फिरवला.

"मी हाय हितं," त्या म्हणाल्या. "जा आता."

डावीकडचा उलटा लागला होता. तारे मानेकडे आणि सिंह डोकं खाली घालून बाहीकडे. ज्या माणसाने एका तिरक्या बटणासाठी शिपायांना मैदानाला चकरा मारायला लावल्या, त्याच्या ते लक्षात आलं नसेल असं शक्य नाही. मी सरळ करायला हात पुढे केला. त्याने माझा हात धरून खाली केला, टोपी घातली, आईला सलाम केला आणि तसाच गाडीत जाऊन बसला.